कान मोकळे राहतात

११ मे

चि. ठकीस,

गुरुवार, ९ मे, सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी मी व्हिडिओ कॉल केला तेव्हा माझ्या बहिणीचे दोन्ही कान रिकामे होते. मी पाठवलेले इअरफोन खाटेच्या कठड्याला गुंडाळून ठेवले होते आणि वर कपडे वाळत घालायचा चिमटा लावला होता. ताई छताकडे बघत पडली होती. "हे काय?" असं मी विचारलं, तर तू म्हणालीस, "नंतर बोलते गं मावशी, दारात कुणीतरी आलंय," आणि मला बंद केलंस.

नंतर म्हणजे कधी? आज दोन दिवस झाले. म्हणून हे पत्र. आणि उत्तरही मला पत्रानेच हवं, फोनवर नको. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हेडसेट लावून बसले मी. माणसं फोनवर किती सफाईने खोटं बोलतात हे मला कुणी शिकवायला नको. कागदावर खोटं उतरवताना हात निदान अडखळतो तरी.

तुला माहीत असलेल्याच गोष्टी पुन्हा लिहिते, कारण तू त्या विसरलेली दिसतेस. ताईला पक्षाघात होऊन नऊ महिने झाले. वाचा गेली, उजवी बाजू गेली. उरलं काय? डाव्या हाताचं एक बोट, 'हो'ला एकदा आणि 'नाही'ला दोनदा आपटायला. आणि कान. तिला सगळं ऐकू येतं आणि सगळं समजतं, असं डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलंय. मी खुबा मोडून तिसऱ्या मजल्यावर अडकून पडले आहे. तुमच्या गावापर्यंतचा सात तासांचा प्रवास मला या जन्मी जमेलसं वाटत नाही. माझ्याकडून तिच्यापर्यंत जाण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे माझा आवाज. रोज सकाळी दहाला अर्धा तास मी त्या फोनपुढे एकटीच बडबडते आणि तुला पाठवते. तू ते फक्त तिच्या कानात घालायचंस. तेवढंही होत नसेल तर स्पष्ट लिही. म्हणजे आम्हा दोघी बहिणींमध्ये आता फोटोच उरले असं मी समजेन.

इअरफोन का काढले, कुणी काढले आणि परत कधी लागणार, तीन प्रश्न आहेत. तीन उत्तरं दे.

तुझी मावशी

१६ मे

ती. मावशीस सा. न.

का काढले: आईच्या उजव्या कानातून पाणी येत होतं. वास यायला लागला म्हणून कानाच्या डॉक्टरांना घरी आणलं. ते म्हणाले, कानात इअरफोनचं बोंडूक काय, कापूससुद्धा घालायचा नाही. कुणी काढले: मी. परत कधी लागणार: ते तूच ठरवायचंय.

डावा कान चांगला आहे, पण त्यातलं बोंडूक घरंगळून उशीखाली जातं आणि ती बिचारी सांगू शकत नाही. एकदा तू अख्खा अर्धा तास नुसती उशीशी बोलत होतीस. आणि गेल्या आठवड्यात मी तिची कूस बदलली तेव्हा वायर तिच्या गळ्याभोवती फिरली होती. माझ्या लगेच लक्षात आलं म्हणून बरं. मी तुला फोनवर हे सांगितलं नाही, कारण तू ओरडली असतीस. चिमटा यासाठी, की वायर लोंबून कुणाच्या पायात येऊ नये. आमच्या दोन खोल्या तू पाहिल्या आहेस. आईची खाट मधल्या खोलीत आहे, त्यामुळे मोरीत जायचं असो की दार उघडायचं असो, सगळ्यांची वाट तिच्या पायथ्यावरूनच जाते.

खरं सांगू? तुझा तो अर्धा तास मलाही हवा असतो. एरवी दिवसभर आम्ही तिच्या भोवती कुजबुजत वावरतो. तिच्या कानात वायरी घातल्या की मी केर काढते, फोन करते, हे मोठ्याने बोलू शकतात. आई बावीस वर्षं टायपिस्ट होती ना, ती ऑफिसला निघाली की घर आमचं व्हायचं. तसंच आता. हे गमतीने म्हणतात, "आई ऑफिसला गेल्या." आम्ही सगळे आता तसंच म्हणतो.

आमच्या चष्म्याच्या दुकानाशेजारी इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. तो माणूस म्हणाला की दोन पर्याय आहेत. एक, फक्त डाव्या कानासाठी वायरचाच, पण मऊ रबराचा, घरंगळणार नाही असा. दुसरा, बिनवायरचा, 'बोन कंडक्शन' म्हणतात तो. तो कानात जातच नाही. कानाच्या पुढे गालाच्या हाडावर बसतो आणि हाडातून ऐकवतो. मला काही कळत नाही. मी चष्म्याच्या काचा घासणारी, माझं सगळं काम डोळ्यांचं. आवाज तुझा आहे, तूच निवड.

तुझी,
ठकी

२० मे

चि. ठकीस,

पत्र मिळालं. गळ्याभोवती वायर फिरली हे मला आठवडाभराने पत्रातून कळावं! मी ओरडले असते? अर्थात ओरडले असते. ओरडण्यासारखं झाल्यावर ओरडायचं नाही तर काय आरती ओवाळायची?

खालच्या मजल्यावर पोहणं शिकवणारी एक बाई राहते. तिच्याकडे ते हाडाचं यंत्र आहे. दोन दिवसांसाठी वर मागवून घेतलं. आधी सांगते, मी वायरची बाई आहे. खाच सापडून खटकन टोक बसलं की आपण जोडलो गेलो हे हाताला कळतं. वायरला चार्जिंग लागत नाही, नखरे नाहीत. आवाज कुठून निघाला आणि कुठे चाललाय हे डोळ्यांनी दिसतं. या दुसऱ्या वस्तूचं म्हणजे, गालावर माशी बसून कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटतं. आवाज जरा पातळ येतो. खर्जातलं काही लागलं की गालफड गुदगुल्या झाल्यासारखं थरथरतं. पहिल्या दिवशी मी ते काढून टेबलावर ठेवलं आणि वायरच घ्यायची असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, ताईसारखं ऐकून बघू. तिच्यासारखी उताणी पडले, उजवा हात मेल्यासारखा टाकला आणि कालचं माझंच बोलणं लावलं. आधी वायर लावून ऐकलं. ठकी, मला धडकी भरली. खोली नाहीशीच झाली. दार उघडं आहे की बंद, घरात कुणी आहे की नाही, काही कळेना. मला उठून बघता येत होतं. तिला येत नाही. मग दुसरं लावलं. माझा आवाज होता, आणि भोवती पंखा होता, जिन्यातली पावलं होती, खाली कुणीतरी बादली ठेवली तीही होती. म्हणून हेच घ्यायचं. मी मागवलं आहे, सात-आठ दिवसांत तुझ्या पत्त्यावर येईल. आता कसं वापरायचं ते नीट वाच.

दर दोन दिवसांनी चार्ज करायचं. तुझा स्वतःचा फोन दिवसातून दोनदा मेलेला असतो, तेव्हा हे तुझ्यावर सोडण्यात धोका आहे, पण इलाज नाही. पट्टी मानेमागून जाते आणि उशीत रुतते, म्हणून मानेखाली छोट्या टॉवेलची गुंडाळी ठेवायची. धुतलेल्या टॉवेलची. तुझ्या घरात 'धुतलेला' कशाला म्हणतात ते मी त्या व्हिडिओत ताईच्या उशीच्या अभ्र्यावर पाहिलं आहे. आणि जावईबापूंच्या विनोदबुद्धीला माझा दंडवत सांग. ज्या बाईने टायपिंग करून बोटांची साल काढली आणि तुला उभं केलं, तिच्या ऑफिसची टिंगल तिच्याच पायथ्याशी उभं राहून करायची, याला शिक्षण लागत नाही, नुसतं कातडं जाड लागतं. ती आता ऑफिसला वगैरे जाणार नाही, या यंत्रात कान मोकळेच राहतात, माझ्याबरोबर तुमचंही सगळं तिला ऐकू जाईल, तेव्हा जरा माणसासारखं बोला आणि केर काढताना ती खाट भिंतीवर आपटू नकोस, मला इथवर ऐकू येतं. खिडकीच्या गजांवरची धूळ पुस. दुधात बिस्कीट भिजवतेस ते गाळून दे, गेल्या वेळी तिला ठसका लागला होता. केस विंचरायचे असतात हेही मी सांगायला हवं का?

तुझी मावशी

३१ मे

ती. मावशीस सा. न.

यंत्र परवा मिळालं. पत्रही मिळालं. टॉवेलची गुंडाळी ठेवली. आईला आवडलेलं दिसतं, डाव्या बाजूने हसली. कान कोरडा होतोय. दुकानात गर्दीचे दिवस आहेत, म्हणून थोडक्यात लिहिते.

तुझी,
ठकी

५ जून

चि. ठकीस,

पाच वाक्यं आणि एक सबब. मी मोजली. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सिस्टर सांगत की पत्र म्हणजे भेट, उंबऱ्यावरून हात हलवून पळणं नव्हे. तुला कॉन्व्हेंटमध्ये घातलं नाही ही ताईची चूक. मी तेव्हाच सांगितलं होतं.

पण ती हसली. 'डाव्या बाजूने' हे तू लिहिलंस ते बरं केलंस, मला दिसलं. मी ते वाक्य चारदा वाचलं. कशाला हसली? २९ तारखेच्या बोलण्यात मी तिला शिवणाच्या तासाची आठवण दिली होती. तिने माझा फ्रॉक बाकावरच्या गादीला टाके घालून शिवला होता आणि सिस्टर आल्यावर मी गादीसकट उभी राहिले होते. साठ वर्षं झाली, अजून तिने माफी मागितलेली नाही. तिला विचार, त्यालाच हसली का. एकदा बोट आपटलं की मी समजेन.

या आठवड्यात मी रोज पंचेचाळीस मिनिटं बोलते आहे. आता माझं बोलणं उशीला जाणार नाही म्हणून.

उत्तर सविस्तर हवं.

तुझी मावशी

१९ जून

ती. मावशीस सा. न.

आईचं काहीतरी बिनसलं आहे. रविवार, ९ तारखेपासून ती तोंड उघडत नाही. चमचा ओठाला लागला की मान भिंतीकडे वळवते. डोळे मिटून असते, पण झोपलेली नसते, पापण्या हलतात. बोट आपटत नाही. मी विचारते, दुखतंय का? काही नाही. कूस बदलू का? काही नाही. दिवसातून मोठ्या मुश्किलीने चार-पाच चमचे दूध जातं.

डॉक्टर येऊन गेले. नवा झटका नाही म्हणाले. घसा ठीक आहे, ताप नाही. "इच्छा दिसत नाही," म्हणाले. ही काय तपासणी झाली?

मावशी, मला एक शंका आहे. तुला राग येईल. ते यंत्र हाडातून कंप सोडतं. आधीच दुखावलेल्या मेंदूवर त्याचा काही परिणाम होत असेल का? कारण त्या रविवारी ते तिच्या डोक्यावर होतं तेव्हाच हे सुरू झालं. सकाळपर्यंत ती चांगली होती. सगळं दूध प्यायली होती, मी केस विंचरताना डोळे मिटून सुखाने पडली होती. अकराच्या सुमारास तुझं बोलणं लावून दिलं आणि ते संपल्यावर बघते तर ही अशी. मी यंत्र काढून कपाटात ठेवलं आहे. आपण वायरचंच घ्यायला हवं होतं का?

तू त्या दिवशी तिला काही लागेल असं बोलली होतीस का? मी ऐकलेलं नाही, तुमचं तुमच्यात असतं म्हणून मी कधीच ऐकत नाही.

ठकी

२२ जून

ठकी,

मी त्या दिवशी काय बोलले ते या फोनमध्ये आहे. काल दोनदा ऐकलं. माझ्या खिडकीखाली रस्ता खणताहेत आणि दुधाची पिशवी फुटली, याखेरीज त्यात काही नाही. कुणी भिंतीकडे तोंड फिरवावं असं त्यात एक अक्षर नाही.

यंत्राने मेंदूला काही होत नाही. खालची बाई रोज ते लावून तास तास चालते आणि तिच्या मेंदूला आजवर काही झालेलं नाही, असला तर. यंत्र जे काम करतं तेच त्याने केलं. माझं २० मेचं पत्र काढ. टॉवेलच्या पुढचं वाच. यंत्रात कान मोकळेच राहतात, तुमचंही सगळं तिला ऐकू जाईल, असं मी शाईने लिहिलं आहे.

आता सांग. रविवार, ९ जून, सकाळी अकरा ते पावणेबारा, त्या खोलीत कोण कोण होतं? कोण काय बोललं? जावईबापू सुट्टीवर होते ना? एक्स्चेंजमध्ये आम्हाला कुणाचं बोलणं ऐकायला मनाई होती, पण लाइन खुली राहिली की ऐकू येतंच. आणि एकदा ऐकलेलं कानातून काढून परत ठेवता येत नाही. मला सारांश नको. शब्द हवेत, जसेच्या तसे.

मावशी

२५ जून

मावशी,

तुझं २० मेचं पत्र मी आज पहिल्यांदा पूर्ण वाचलं.

त्या दिवशी मी ते यांच्या विनोदाच्या टोमण्यापर्यंत वाचलं होतं. पहिला टोमणा फोनचा, दुसरा अभ्र्याचा, तिसरा जाड कातड्याचा. तिथे मी ते घडी करून डब्यात टाकलं. तुझी पत्रं मी अशीच वाचते. कामाचं काय ते सुरुवातीला शोधते, आणि बोलणी सुरू झाली की बंद करते. नाहीतर दुसऱ्या दिवशी काचेला चरा पडतो. 'ऑफिसला जाणार नाही' हे वाक्य त्याच्या लगेच पुढचं होतं. एक ओळ आणखी वाचली असती तर.

तुला शब्द हवेत. घे.

आठवडाभर माझी पाठ धरली होती. सकाळी तिला उचलताना कळ आली, मी तिला अर्धवट सोडलं, तिचं डोकं उशीवर आपटलं. तिने तेव्हा काही राग धरला नाही, माझ्या मनगटावर बोट ठेवलं. मग तुझं बोलणं लावलं. हे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. म्हणाले, "अगं, असं किती दिवस करणार तू? तुला नेमकं काय हवंय ते तरी सांग." मी खाटेच्या पायथ्याशी चादरींच्या घड्या घालत होते. मी म्हणाले, "मला तिचे श्वास मोजायचा कंटाळा आलाय. एक दिवस सकाळी उठावं आणि तो थांबलेला असावा. मी रडणारसुद्धा नाही. आधी पोटभर झोपेन." हे म्हणाले, "हळू बोल." मी म्हणाले, "ऑफिसला गेलीये ती." आणि आम्ही दोघं हसलो.

हे शब्द. जसेच्या तसे.

यंत्र काढताना मी नेहमीसारखं विचारलं, "मावशीचं ऐकलंस ना?" तिने दोनदा बोट आपटलं. नाही. मला वाटलं, चार्जिंग संपलं असेल. तेव्हापासून ते बोट हललेलं नाही. म्हणजे काल हललं, तेही दोनदाच. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात नेऊन नाकातून नळी घालता येईल, तिला विचारून बघा. मी विचारलं. दोनदा. काल दुपारपासून पाणीही घेत नाही. असंच चाललं तर आठवडा, डॉक्टर म्हणाले.

माझ्यावर ओरडायचं असेल तर ओरड. पण मावशी, तू दिवसातून पाऊण तास बोलतेस आणि फोन ठेवतेस. उरलेले सव्वातेवीस तास माझे असतात. तू एकदा तरी विचारलंस का, ठकी, तू कशी आहेस? एकाही पत्रात नाही. आज सगळी काढून बघितली.

मी तिला आता काय सांगू? 'मला तसं म्हणायचं नव्हतं' असं सांगू? तूच लिहून दे. मला शब्द सुचत नाहीत.

ठकी

२७ जून

चि. ठकीस,

हे पत्र कुरियरने पाठवते आहे, उद्या दुपारी तुझ्या हातात पडेल. या पत्रात एकही टोमणा नाही, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

माझ्या पत्रांच्या प्रती मी ठेवते. २० मेची काढली. तुझ्या घराबद्दल, तुझ्या नवऱ्याबद्दल आणि तुझ्याबद्दल मिळून अकरा ठिकाणी मी डंख मारला आहे. कामाचं एक वाक्य होतं आणि तेही मी डंखाच्या शेपटीला बांधून पाठवलं. वेगळ्या ओळीत लिहिलं असतं तर तू ते वाचलं असतंस. आयुष्यभर माणसांना नंबर स्पष्ट आणि सावकाश सांगून जोडून दिलं मी, आणि हा एक निरोप गोंगाटात सांगितला. तू बोललीस त्याची तू धनी आहेस, ते मी अंगावर घेणार नाही. पण तिला ते ऐकू गेलं, ते माझ्यामुळेही.

दुसरं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. साडेदहा महिन्यांपूर्वी तू फोन केलास, म्हणालीस, मावशी, आई वाचली, पण बोलता येत नाही, हलता येत नाही. मी फोन ठेवला आणि या रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाले, "जाऊ दे तिला." पहिलं वाक्य तेच. नंतर इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवसापासून रोज दहा वाजता बोलायला बसले. तू त्याला माया समजत होतीस, आणि मी तुला तसं समजू दिलं. माझं वाक्य तिने ऐकलं नाही, कारण मी सात तास दूर होते. तुझं ऐकलं, कारण तू तिच्या पायथ्याशी होतीस, चादरींच्या घड्या घालत. आपल्या दोघींमध्ये एवढाच फरक आहे.

तू शब्द मागितलेस. 'मला तसं म्हणायचं नव्हतं' हे सांगू नकोस. ती तुला जन्मापासून ओळखते, खोटं लगेच पकडेल आणि मग खरंच उठून जाईल. दार लावून घे. जावईबापूंना बाहेर पाठव. यंत्र कपाटातच राहू दे आणि माझा आवाज लावू नकोस, मी मध्ये नको. तिच्या डाव्या बाजूला बस, तिने डोळे उघडले तर तू दिसशील अशी. आणि सांग की तू बोललीस ते खरं होतं. तू दमली आहेस, तुझी पाठ गेली आहे, तुला झोप हवी आहे. आणि ती सकाळी मनगटावर बोट ठेवते तेव्हा तुला ती हवी आहे, हेही खरं आहे. दोन्ही सांग. एक सांगून दुसरं झाकू नकोस. मी काय म्हणाले होते तेही तिला सांग, जसंच्या तसं. तुला एकटीला गुन्हेगार ठरवून तिने जावं हे मला मान्य नाही.

मग तिला विचार, पाणी हवं का. तिने एकदा बोट आपटलं तर दे. दोनदा आपटलं तर पुन्हा विचारू नकोस, नळीचं नाव काढू नकोस, नुसती बसून राहा. तो निर्णय तिचा आहे. आपण दोघींनी तिच्या वतीने पुष्कळ ठरवलं, कानात काय घालायचं इथपासून.

ठकी, तू कशी आहेस? हे विचारायला मला साडेदहा महिने लागले. यालाही उत्तर दे.

फोन करू नकोस. फोनवर तू रडशील, मी सूचना द्यायला लागेन, आणि त्या खोलीत काय झालं ते मला कधीच कळणार नाही. तिचं बोट हललं की नाही आणि किती वेळा, ते लिहून कळव. डॉक्टरांनी दिलेले दिवस मी मोजले आहेत. मंगळवार, २ जुलै, सायंकाळी पाच वाजेपर्यंत तुझं लेखी उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे.

तुझी मावशी